पंथ सुटला, ध्यानाला बसते आहे. पण सत्याचं काय?

मोर्शीकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे कित्येक वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझं माहेर कट्टर महानुभाव, रिद्धपूरच्या पट्ट्यातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तेराव्या शतकातल्या श्रीचक्रधर स्वामींचा पंथ. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे परमेश्वराचे पाच अवतार. बाकीच्या देवता आहेत, पण त्या मोक्ष देऊ शकत नाहीत, म्हणून त्यांची भक्ती करायची नाही. पुस्तकात हे तत्त्वज्ञान वाटतं. घरात ते असं उतरतं: गणपती बसत नाही, सत्यनारायण नाही, देवीला नवस नाही आणि शेजारून आलेला प्रसाद तोंडात घालायचा नाही. शाळेतला गणपतीचा मोदक मी मुठीत धरून घरापर्यंत आणायचे आणि गोठ्यात गायीपुढे टाकायचे. वाटेत खाल्ला असता तर कुणाला कळलं नसतं. पण परमेश्वराला कळलं असतं ना. हात तुपाने चिकट झालेला असायचा, तो मी चाटतही नसे.

सकाळ-संध्याकाळ पूजा, मग नामस्मरण. शाळेत असतानाच उपदेश घेतला, म्हणजे रीतसर पंथात आले. कुणी छळलं, फसवलं, असं काहीही नाही. आमचे महंत फार प्रेमळ होते, त्यांच्याविरुद्ध ब्रही काढवणार नाही. विश्वास गेला तो हळूहळू गेला. फार्मसीला असताना होस्टेलवर खोलीत एक मुसलमान मुलगी होती. ती रात्री माझ्यासारखीच हात जोडून, म्हणजे तिच्या पद्धतीने, काहीतरी पुटपुटायची. तिचा आणि तिच्या सगळ्या पूर्वजांचा उद्धार नाही, आणि माझा होऊ शकतो, कारण मी अमुक घरात जन्मले, हे गणित मला जमेना. घरी विचारलं तर उत्तर मिळालं, पण ते आधीपासून तयार असलेलं उत्तर होतं. पुढे लग्न पंथाबाहेर झालं, स्मरण सुटलं, आणि बरीच वर्षं या विषयात मी काहीच नव्हते.

वडील गेल्यावर झोप उडाली. एका मैत्रिणीने इगतपुरीच्या ध्यानकेंद्राचं सांगितलं आणि मी दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन बसले. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे फक्त बघत राहायचं. कुठलंही नाव नाही, मंत्र नाही, रूप नाही. सूचना अगदी स्पष्ट. आणि दुसऱ्या की तिसऱ्या दुपारी श्वासाबरोबर आतून नाव सुरू झालं. मी घेत नव्हते. जे नाव इतक्या वर्षांत ओठावर आलं नाही, ते श्वास आत घेताना एक, सोडताना दुसरं, असं आपलंआपण चाललेलं. थांबवायला गेले की जोर वाढायचा. मी घाबरले. आनंदही झाला, हे लिहायला लाज वाटते.

पुढे विपश्यना दिली, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या बघत राहायच्या, एक तास न हलता बसायचं अधिष्ठान झालं, गुडघ्याची कळ बघता बघता बारीक होत गेली, वगैरे. ज्यांनी शिबिर केलंय त्यांना माहीत आहे. आता घरी बसते, जवळजवळ रोज. झोप येते. चिडचिड कमी झालीय असं मुलगी म्हणते.

मग अडचण काय? मी पंथ सोडला तो खरं काय ते कळावं म्हणून. शिबिरात पहिल्या संध्याकाळी शरण जाण्याची वाक्यं म्हणून घेतली, हीच एक शुद्ध विद्या असं रोजच्या प्रवचनात ऐकवलं, दुसरी साधना मिसळू नका म्हणाले. मला माझं माहेर आठवलं. शांत वाटणं आणि खरं असणं या दोन गोष्टी एक आहेत का? आणि ते आपोआप येणारं नाव, त्याला हाकलू की येऊ देऊ?

---

साधक_नाशिक

ताई, आधी सोपं घेतो. नाव आलं तर येऊ द्या. त्याच्याशी भांडू नका, त्याला धरूनही बसू नका. लक्ष श्वासावर आणा, पुन्हा गेलं की पुन्हा आणा. माझ्या बाबतीत 'विठ्ठल विठ्ठल' चालायचं, घर वारकरी. वर्षभरात गेलं.

नाव का नको, तेही सांगतो. नामाने मन लवकर एकाग्र होतं, हे गोयंकाजी, म्हणजे ही विपश्यना भारतात आणणारे आणि ज्यांच्या ध्वनिफितीवर सगळी शिबिरं चालतात ते, स्वतः प्रवचनात मान्य करतात. पण इथे एकाग्रता हे मुक्कामाचं गाव नाही. शरीरावर क्षणोक्षणी जी संवेदना होते तिथपर्यंत पोचायचंय, आणि नामाची लय असली की सूक्ष्म संवेदना तिच्याखाली झाकली जाते. शिवाय नाव कुणाचं तरी असतं, श्वास कुणाचाच नसतो.

आणि नवा पंथ म्हणाल तर गोयंकाजींची गोष्ट आठवा. जन्म १९२४ चा, मंडालेचा, सनातनी मारवाडी कुटुंब, ब्रह्मदेशात मोठा व्यापार. अर्धशिशी इतकी की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. १९५५ मध्ये रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा आपण बौद्ध होऊन धर्म बुडवणार या भीतीने आधी खूप कचरले. आणि ऊ बा खिन तर नुसती डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका म्हणून परत पाठवत होते. स्वतः ऊ बा खिन सरकारी नोकर, ब्रह्मदेशाचे महालेखापाल. तिथे कुणी भगवी वस्त्रं दिली नाहीत की नाव बदललं नाही. जेवणाखाण्याचे पैसेही घेत नाहीत, जुन्या साधकांच्या दानावर चालतं. पंथ असा असतो का?

---

टवाळ_पोपट

पहाटे चारला घंटा आणि संध्याकाळी पाचला फळ-चहा, त्यानंतर काही नाही, एवढं वाचूनच माझा सत्यशोध संपला. धाग्याला शुभेच्छा.

---

शंकासुर

उत्तम धागा. पोपटराव, थट्टेत तुम्ही मुद्द्याचं बोललात. झोप कमी, रात्रीचं जेवण नाही, बोलणं बंद, वाचन-लेखन बंद, फोन जमा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक. अशात कुणालाही काहीतरी 'दिसेलच'. मी अनुभव खोटा म्हणत नाही. ताईंच्या गुडघ्याची कळ विरली हा अनुभव, तो शंभर टक्के खरा. पण 'जुने संस्कार वर येऊन निर्जरा होते आहे', म्हणजे ते झडून जाताहेत, हा त्या अनुभवावर चिकटवलेला दावा. तो कुठे तपासला? शिबिरात तरी नाही. दुपारी आचार्यांना भेटायला जी पाच मिनिटं मिळतात, त्यात मी हेच विचारलं होतं. उत्तर आलं, 'अनित्य आहे, समतेने बघा.' गुडघा दुखतो म्हटलं तरी तेच, राग येतो म्हटलं तरी तेच, पुनर्जन्म कशावरून म्हटलं तरी तेच.

आणि अडीच हजार वर्षं ब्रह्मदेशात जशीच्या तशी जपलेली विद्या हेही जरा चाळून घ्या. सामान्य गृहस्थांनी असं शिबिरात बसून विपश्यना करणं ही चळवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची, इंग्रजी अमलातल्या ब्रह्मदेशातली. लेडी सयाडॉ (१८४६-१९२३) हे भिक्खू त्यातलं मोठं नाव, गोयंकाजींची परंपरा त्यांच्याकडूनच येते. त्याच देशात महासी सयाडॉ पोटाच्या वर-खाली होण्याकडे लक्ष द्यायला शिकवत आणि तीही विपश्यनाच. तिथे 'हीच एक शुद्ध पद्धत' म्हणणारे निदान दोन तरी निघाले!

---

साधक_नाशिक

शंकासुर, पोहण्याची पुस्तकं वाचून काठावरून पाण्याला नावं ठेवायची हा तुमचा जुना धंदा आहे.

---

शंकासुर

काठावरून नाही हो, शिबिर पूर्ण केलंय. दहावा दिवस, मौन सुटल्यावर भोजनशाळेत जो गोंगाट झाला तो आयुष्यात विसरणार नाही. फार छान वाटलं होतं. म्हणूनच सांगतोय की छान वाटणं हा पुरावा नव्हे.

---

संपादक मंडळ

दोन व्यक्तिगत प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचा विषय धरून लिहा.

---

परका_२

तुमचा धागा वाचून आयडी काढला. मी ज्या समाजातून बाहेर पडलो त्याचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर घरच्यांना त्रास होईल.

मोर्शीकर, तुम्हाला अजून माहेर आहे. मला सांगण्यात आलं की सख्ख्या बहिणीच्या लग्नाला यायचं नाही. लिहून काही दिलं नाही, तसं कुणी देत नाही. हॉलच्या दारात काका उभे होते, ते म्हणाले, 'तुझ्यामुळे हिच्या सासरच्यांना नोटीस येईल, जा.' त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हात दारावर आडवा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला, २०१६ चा, २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वकील म्हणाले तक्रार करा. तक्रार कुणाविरुद्ध करू, काकांविरुद्ध?

ध्यानाबद्दल. मी कुठल्या केंद्रात गेलो नाही, पुस्तकावरून आणि मोबाईलवरच्या ॲपवरून करत होतो. आम्हाला लहानपणी नरकाची वर्णनं फार तपशिलात सांगितली होती. तो नरक नाही हे मला आज पक्कं माहीत आहे, तरी डोळे मिटून शांत बसलं की दहाव्या मिनिटाला पोटात गोळा येतो आणि तोच वास, जळल्याचा. मन मानत नाही, शरीर मानतं. तुमच्याकडे नाव येतं, माझ्याकडे हे येतं. ते 'बघत' राहा म्हणतात. बघत राहिलो, वाढलं. एकदा रात्रभर घाम फुटून बसलो होतो.

मला सत्य वगैरे नंतर. आधी माणसं हवी होती. ती मिळाली एका टेकडी चढणाऱ्या ग्रुपमध्ये, जिथे कुणी काही विचारत नाही.

---

इंजेक्शनवाली

परका_२, तुमच्यासाठी लिहितेय. मी मानसोपचार विभागात परिचारिका आहे, डॉक्टर नाही, तेव्हा त्या बेताने घ्या.

तुम्हाला जे झालं ते तुमचं अपयश नाही आणि 'अशुद्धी बाहेर पडतेय' असंही समजू नका. ध्यानामुळे भीती, निद्रानाश, आपण आपल्याच शरीराबाहेर आहोत असं वाटणं, आजूबाजूचं जग खोटं वाटणं, हे होऊ शकतं. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन आणि जेरेड लिंडाल यांनी यावर सविस्तर काम केलंय, २०१७ मध्ये त्यांचा मोठा निबंध आला. त्यांनी बौद्ध परंपरांत ध्यान करणाऱ्यांशी, शिकवणाऱ्यांशी बोलून हे सगळं नोंदवलं. त्यात नवशिके होते तसे वर्षानुवर्षं साधना करणारेही होते.

आमच्याकडे येणाऱ्यांत मला दिसतं ते असं: ज्यांच्या मनात जुनी भीती पक्की बसलीय त्यांना लांब, गप्प, डोळे मिटलेल्या बैठका जड जातात. डोळे उघडे ठेवा, पाय जमिनीला टेकवा, पाच मिनिटांत उठा, चालत करा. टेकडी चढता ते उत्तमच. घाम फुटून रात्र काढावी लागली तर तसेच बसून राहू नका, माणसाशी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि आधीपासून गोळ्या चालू असतील तर शिबिराच्या फॉर्मवर खरं लिहा. लोक लपवतात, मग सहाव्या दिवशी आमच्याकडे आणावं लागतं.

---

परका_२

धन्यवाद ताई. क्रमांक सेव्ह केला. 'अशुद्धी' नव्हे हे वाचून बरं वाटलं, मला नेमकं तेच सांगितलं होतं एकाने.

---

भीमनगरचा

उशिरा आलो. वरचे सगळे धर्म सोडण्याबद्दल लिहितात ते एकट्यादुकट्याने सोडण्याबद्दल. आमच्या घरी वेगळंच झालं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी एकदम सोडला. माझे आजोबा भंडाऱ्याहून चालत आले होते, पांढरी कापडं बांधून. बावीस प्रतिज्ञा उभ्याने म्हटल्या. घरातले देव नदीत सोडले ते सगळ्या वस्तीने मिळून, त्यामुळे कुणाच्या लग्नाच्या दारात कुणाचा हात आडवा आला नाही. परका_२, तुमचं वाचून हे पहिल्यांदा इतकं जाणवलं.

विपश्यनेवरून आमच्यात कायम वाद आहे. माझा भाऊ दरवर्षी जातो. वडील म्हणायचे, बाबासाहेबांनी दुःखाचं कारण समाजात दाखवलं, आणि हे लोक डोळे मिटून ते पुन्हा आपल्या गुडघ्यात शोधायला लावतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या शेवटच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यं ही बुद्धाची मूळ शिकवण आहे का, हाही प्रश्न विचारला आहे. प्रत्यक्ष बुद्धाच्या नावावर चालत आलेल्या गोष्टीला असं विचारायची तयारी पाहिजे. कालाम नावाच्या लोकांना बुद्धाने तेच सांगितलं, परंपरेने आलं म्हणून घेऊ नका, ग्रंथात आहे म्हणून नको, आमचा गुरू म्हणतो म्हणून नको. शिबिरातही हे सुत्त वाचून दाखवतात, आणि लगेच पुढे म्हणतात दुसरं काही मिसळू नका.

तरी भावाचं एक सांगतो. तो दारू सोडू शकला तो तिथे. वडील शेवटी यावर काही बोलायचे नाहीत.

---

गोंयकार

इतकी चर्चा झाली आणि धर्मानंद कोसंबींचं नाव कुणी घेतलं नाही? आमच्या गोव्यातल्या सांखवाळचे. जन्म १८७६. शिक्षण यथातथा, नारळाच्या बागायतीत राबणारं घर. एका मराठी मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि डोक्यात तेच बसलं. १८९९ च्या अखेरीस घर सोडलं, मागे पत्नी आणि तान्ही मुलगी. पुणे, ग्वाल्हेर, काशीत संस्कृत, तिथून नेपाळ. बुद्धाच्या भूमीत बुद्धधर्म सापडेल म्हणून गेले, आणि जे दिसलं त्याने निराश होऊन उतरले. मग सिलोन, १९०२ मध्ये तिथे पाली शिकून भिक्खू झाले, मग ब्रह्मदेश, तिथे ध्यानही केलं. म्हणजे गोयंकाजींच्या पन्नासेक वर्षं आधी आपला एक माणूस तिथे जाऊन बसून आला होता!

पण मला भावतं ते पुढचं. चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, अंगावर चढलं म्हणून ते तिथेच राहिले नाहीत. काही वर्षांत उतरवलं, संसारात परत आले, कलकत्त्यात, मग पुण्यात फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलं, हार्वर्डला जाऊन पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं, सोव्हिएत रशियात राहून आले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग बघितला. म्हातारपणी जैनांच्या पार्श्वनाथाच्या चातुर्याम (चार व्रतांच्या) धर्माकडे ओढले गेले आणि १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला अन्न सोडून देह ठेवला. बुद्ध मांस खात असावा असं त्यांनी पुराव्यानिशी लिहिलं आणि त्यावरून शिव्याही खाल्ल्या. ज्याला आयुष्य दिलं त्याच्याबद्दल अडचणीचं सापडलं तर तेही छापायचं, हे सोपं नाही.

पत्नीने काय सोसलं त्याचं मात्र वेगळं पुस्तक व्हायला हवं होतं. सत्य शोधायला निघालेल्यांची घरं कोण सांभाळतं, त्यावर एक धागा काढा कुणीतरी.

---

टवाळ_पोपट

गोंयकार, शेवटच्या ओळीला +१. आमच्या हिला दहा दिवस सुट्टी कोण देणार, म्हणून ती अजून अज्ञानात आहे.

---

एक_जीव

दंडवत प्रणाम ताई. मी पंथात आहे, उपदेशी आहे, आणि आता इथे आपलं कसं स्वागत होईल ते बघू.

प्रसादाच्या मोदकाचं वाचून हसलो आणि वाईटही वाटलं. आम्ही तुळशीचं पानसुद्धा टाळायचो. पण पंथ म्हणजे एवढंच नव्हे. ज्या काळात स्वामींनी बायकांना संन्यास दिला, विटाळ मानू नये सांगितलं, संस्कृत सोडून मराठीत निरूपण केलं, त्या काळात हे फारसं कुणी करत नव्हतं. तुम्हाला माहीत असेलच, बाकीच्यांसाठी लिहिलं.

माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही म्हणता घरी तयार उत्तर मिळालं. मिळालं असेल. पण आपल्या ग्रंथांची रीत तशी नाही. म्हाइंभटांनी लीळाचरित्र, म्हणजे स्वामींच्या लीळांचा, आठवणींचा ग्रंथ, केला तो कसा? स्वामींना ज्यांनी बघितलं, ऐकलं, त्या एकेका माणसाकडे जाऊन विचारलं, स्वामींनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं. पुढे स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि ज्याला जसं पाठ होतं तसं पुन्हा लिहावं लागलं. त्यामुळे पाठ, म्हणजे त्याच मजकुराची वेगवेगळी रूपं, अनेक झाले. आणि जुन्या मंडळींनी काय केलं? एक पाठ खरा ठरवून बाकीचे जाळले नाहीत. एका लीळेखाली दुसऱ्याच्या स्मरणात ती कशी आहे, तेही लिहून ठेवलं. अमक्याने असं सांगितलं, तमक्याला असं आठवतं. सातशे वर्षांपूर्वी. ज्यांना परमेश्वर मानलं त्यांच्या शब्दांबाबत.

डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली प्रत १९७८ मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढली. तिच्यावरून आमच्यातच मोठा वाद झाला, काही लीळा अनेकांना सहन झाल्या नाहीत, हेही सांगून टाकतो. तरी मिळाली तर वाचा. विश्वास ठेवायला नको, नुसतं बघायला.

---

शंकासुर

एक_जीव, हा या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद, आणि हा मान मी एका श्रद्धावंताला देतोय याची नोंद घ्यावी. पाठभेद जपणारी परंपरा विरुद्ध जगभर एकाच आवाजाची तीच ध्वनिफीत. कोण कट्टर, ते ठरवा.

---

साधक_नाशिक

ध्वनिफीत एकच ठेवली कारण प्रत्येक आचार्याने आपलं घुसडलं की विद्या दहा वर्षांत ओळखू येणार नाही. तुम्हाला तो हट्ट दिसतो, मला ती काळजी दिसते.

---

मोर्शीकर

दोन दिवस दुकानात माल लावण्यात गेले, उत्तर द्यायला उशीर झाला. सगळ्यांचे आभार, परका_२ यांचे जास्त. तुमच्या काकांच्या हाताबद्दल वाचून मी फोन बाजूला ठेवला होता.

एक_जीव दादा, दंडवत. (बघा, हात आपोआप टाइप करतो.) पाठभेदांचं मला माहीत होतं पण असं कधी बघितलं नव्हतं. लहानपणी लीळा ऐकल्या त्या महंतांच्या तोंडून, तिथे 'दुसऱ्याला असं आठवतं' हा भाग यायचा नाही. तो पोथीतच राहिला आणि आमच्यापर्यंत आली ती फक्त खात्री. हे मला जास्त लागलं. म्हणजे मी जे सोडलं ते पूर्ण बघून सोडलं नव्हतं. परत जाईन असं नाही. होस्टेलच्या खोलीतल्या त्या मुलीचं गणित अजून तिथेच अडलेलं आहे, आणि ते कुठल्याही पाठात सुटलेलं नाही.

शंकासुर, तुमचं 'छान वाटणं हा पुरावा नव्हे' हे मान्य. मी एवढ्या दिवसांत जे बघितलं त्यावरून माझ्यापुरतं असं ठरवतेय की बसण्याकडून सत्याची मागणी करायची नाही. बसल्यावर मला कळतं ते इतकंच की माझ्या आत काय चाललंय. राग येण्याआधी छातीत काय होतं, औषधाच्या दुकानात एखादं गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की जबडा कसा आवळतो. हे खरं आहे, पण हे माझ्याबद्दलचं खरं आहे. जीव अनादि आहे की नाही, संस्कार मागच्या जन्मातून येतात की नाही, हे गुडघ्यात कळणार नाही. त्यासाठी वाचावं लागेल, भांडावं लागेल, भीमनगरचा म्हणतात तसं विचारावं लागेल.

आणि नाव. आई हल्ली माझ्याकडे असते. सकाळी ती स्मरणाला बसते, तेव्हाच मी बसते, तीच खोली, दुसरी जागा नाही घरात. तिचं पुटपुटणं ऐकू येतं आणि माझ्या आतही ते सुरू होतं. श्वास बघायचा आणि ते चालू राहू द्यायचं, असं चाललंय. तिला वाटतं मी परत आले. मी स्पष्ट सांगितलं की आई, मी हे मानून करत नाही. ती म्हणाली, 'तू बस तर खरी.'

---

साधक_नाशिक

ताई, आपुलकीने सांगतो. पोथ्यांच्या पाठभेदांत आणि या वादांत रमलात तर बुद्धीचा खेळ होईल. आणि नाव चालू ठेवून बसणं म्हणजे दोन होड्यांवर पाय. दुसरं शिबिर करा, धार येईल.

---

मोर्शीकर

काका, शिबिर करणार नाही असं नाही. दिवाळीनंतर मुलीची परीक्षा झाली की बघते. पण फॉर्मवर एक प्रश्न असतो, दुसरी कुठली साधना करता का. मागच्या वेळी तिथे 'नाही' लिहिलं होतं आणि तेव्हा ते खरंच होतं. या वेळी मी लिहिणार की आईबरोबर बसताना तिच्या पंथाचं स्मरण आत चालू असतं, श्रद्धा नाही, पण थांबवतही नाही. त्यावर घेतलं तर येईन. नाही घेतलं तर घरीच बसेन.

---

साधक_नाशिक

असंच्या असं लिहा. फोन करून विचारतील, शिबिरापुरतं बाजूला ठेवाल का म्हणून. ठेवाल?

---

मोर्शीकर

ठेवायचा प्रयत्न करेन. तिसऱ्या दुपारचं काय होईल, त्याची हमी मी देत नाही.

---

परका_२

एक_जीव, व्यनि (खासगी निरोप) केलाय. ती कोलत्यांची प्रत वाचनालयात बघता येईल का, आणि पंथाबाहेरच्या माणसाने रिद्धपूरला गेलेलं चालतं का, एवढंच विचारायचंय.

---

एक_जीव

चालतं. कळवा कधी येताय ते, मी तिथलाच आहे. जेवायला थांबावं लागेल, तिथे माझं काही चालत नाही.